नरोत्तमभाऊंचे डोळे शाबूत होते

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत होतो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण. "मावसा, बाबा गेले," ती म्हणाली. एवढंच. पुढचं काही ऐकू आलं नाही, कदाचित तिने सांगितलंही नसेल. मी गाल पुसला आणि मिळेल त्या रिक्षाने वरोर गाठलं. ओटीवर माणसं जमली होती. सुमनताई भाऊंच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "रमाकांतराव, दाढी अर्धीच आहे तुमची. ह्यांनी पाहिलं असतं तर वर्षभर पुरवलं असतं." खरंच पुरवलं असतं. माझी फजिती हा नरोत्तमभाऊंचा आवडता खाऊ होता. ती दाढी मी तशीच ठेवली, दहाव्यापर्यंत.

नरोत्तमभाऊ माझे साडू. त्यांची सुमन आणि माझी मालती सख्ख्या बहिणी. आमच्याकडे साडूंचं फार पटू नये अशी रीत आहे, कारण सासुरवाडीत दोघांची तुलना होते. आमचं पटलं, कारण तुलनेला जागाच नव्हती. ते वरोरचे डाय कोरणारे कारागीर. सोन्याच्या दागिन्यावर जी नक्षी उठते ती आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरावी लागते. त्या ठोकळ्याला आमच्या भागात डाय म्हणतात, आणि त्यावर आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं चालतात. मी डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात फोरमन. साचे पातळ रबरात बुडवायचे, वाळवायचे, सोलून काढायचे, यात माझी सगळी नोकरी सरली. ते मला 'फुगेवाल्या' म्हणत. "मी कोरलेलं नातसुनेच्या कानात जातं, तू केलेलं जत्रेतून घरी पोचेपर्यंत फुटतं," असं चारचौघांत म्हणत, आणि मग स्वतःच माझ्या ताटात पापलेटचा मोठा तुकडा वाढत.

दहाव्याला वरोरच्या किनाऱ्यावर विधी आटोपून आम्ही सुरूच्या सावलीत बसलो होतो. मुंबईच्या सराफी पेढ्यांकडून डायचं काम आणून कारागिरांना वाटणारे एक गृहस्थ तिथे होते. ते म्हणाले, "कारागीर मोठा. पण शेवटी डोळ्यांनी दगा दिला. नाहीतर गाडी कशाला ठोकली असती?" चारजणांनी माना हलवल्या. माझीही हलली... सवयीने हलली. घरी आल्यावर मालतीने विचारलं, जेवत का नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ती गाडी २०१४ साली आली. घोलवडकडच्या एका वाडीवाल्याने सगळं विकून परदेशी जायचं ठरवलं होतं. चिकूच्या खोक्यांच्या गोदामात त्याच्या वडिलांची जुनी इंग्लिश गाडी पडून होती. दोन माणसांची, बुटकी, हिरवी, वर कापडी छत. भाऊंनी त्या घरासाठी पूर्वी बरंच कोरकाम केलं होतं. वाडीवाला म्हणाला, गोदाम पाडायचंय, गाडी नेता का, नाहीतर भंगारात जाईल. भाऊ घरी आले आणि सुमनताईंना म्हणाले, "एक पाहुणी आणतोय." ताईंना वाटलं मांजर.

बैलगाडीमागे वासरू यावं तशी गाडी टेम्पोमागे दोरीने बांधून वरोरला आली. ती दोन वर्षांत भाऊंनी कशी उभी केली हा वेगळा विषय आहे. इंजिन वाणगावच्या मेकॅनिकने बोलतं केलं. बसायच्या गाद्या प्रज्ञाने शिवल्या. ती त्यांची एकुलती एक मुलगी, वरोरच्याच शाळेत शिक्षिका. एवढं सगळं झालं, पण दिवे काही ऐकेनात. दिवे म्हणजे या गाडीची सगळी ऐट. एरवी ते बॉनेटमध्ये झोपलेले असायचे, कुणाला दिसायचेही नाहीत. डॅशबोर्डवरची खुंटी ओढली की दोन्ही बाजूंची झाकणं वर उठायची आणि दिवे डोळे उघडल्यासारखे समोर यायचे. वरोरच्या लोकांनी गाडीचं नाव 'डोळेवाली' ठेवलं. मात्र डोळेवालीचे डोळे मिटत होते. कधी एकच उघडायचा. कधी दोन्ही उघडायचे आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईतो पेंगुळायचे. सुमनताई म्हणायच्या, "मालकासारखीच आहे. जेवण झालं की डुलकी."

मोटर शोधून शोधून आम्ही दमलो, कारण मोटर नव्हतीच. हे दिवे हवेच्या ओढीवर चालत. इंजिन चालताना हवा आत खेचतं. त्या खेचण्याचा थोडा हिस्सा एका नळीने चेसिसच्या पुढच्या पोकळ आडव्या नळात साठवून ठेवलेला असतो. खुंटी ओढली की ती साठवलेली ओढ दिव्यांमागच्या दोन डब्यांत पोचते. प्रत्येक डब्यात रबराचा एक पडदा असतो. तो मागे खेचला जातो, त्याला जोडलेली दांडी दिवा उचलते. ओढ टिकली तर दिवा टिकला. कुठेही केसाएवढी चीर असली की बाहेरची हवा आत शिरते आणि दिवा खाली बसतो. इंजिन बंद केलं तरी हळूहळू बसतोच. भाऊंना हे उमगलं तेव्हा ते मला म्हणाले, "फुगेवाल्या, हा तर उलटा फुगा आहे. तुझंच काम."

आणि ते खरोखर माझं काम होतं. आत ओढणारी गळती दिसत नाही, साबणाचं पाणी लावलं तरी बुडबुडा येत नाही, पाणीच आत जातं. म्हणून मी उलटं केलं. कारखान्यातून मोठे जाड फुगे आणले, एक फुगवून नळीच्या तोंडाला घट्ट बांधला. आता फुगा हवा आत ढकलणार, आणि चीर असेल तिथे साबणाचा फेस उठणार. एकेक भाग चिमट्याने दाबून बंद करायचा, फुगा लावायचा, ओटीवर चहा प्यायचा आणि परत येऊन बघायचं, फुगा तसाच आहे की मलूल झालाय. तसाच असेल तर तो भाग निर्दोष. भाऊ जमिनीला गाल टेकून प्रत्येक जोडाकडे बघत. मला चष्म्यातून जिथे काही दिसत नसे तिथे ते म्हणत, "हा बघ, मोहरीएवढा आला." तिथे फेस असायचाच. डाय कोरणाऱ्याची नजर ती. अंगणात लाल-पिवळे फुगे बांधलेली हिरवी गाडी पाहून कुणी विचारायचं, "नरोत्तमभाऊ, वाढदिवस कुणाचा?" ते सांगायचे, "हिचा. वय विचारू नको, रागावते."

असे जोड बदलले. इंजिनाकडून येणाऱ्या नळीत एक झडप होती, ओढ एका बाजूनेच जाऊ देणारी. ती तेलकट घाणीने अडकली होती, ती साफ केली. आडव्या नळाला गंजाने पडलेलं भोक भाऊंनी पितळ ओतून बुजवलं. शेवटी उरले पडदे. दोन्ही डब्यांतलं जुनं रबर भाजलेल्या पापडासारखं झालेलं. प्रज्ञा म्हणाली, तिच्या मैत्रिणीचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो, तो पाठवील. भाऊ तयार होते. मीच म्हणालो, "कशाला? जन्मभर रबर बुडवलंय मी. पडदा मी करतो."

इथे मला थांबून नीट लिहायला हवं. मी पोलादाचा साचा भाऊंकडूनच कोरून घेतला, कारखान्यातलं फुग्याचं रबर वापरलं, एकावर एक थर दिले. पडदे सुंदर उतरले, नितळ, मधासारख्या रंगाचे. बसवताना भाऊंनी विचारलं, "ही ओढ इंजिनातून येते. पेट्रोलची वाफ लागेल ना याला? चालेल?" आमच्या कारखान्यात रबराच्या खोलीत रॉकेलचा डबा आणायला बंदी होती. ती बंदी मोडणाऱ्याला मी स्वतः झापलेलं आहे. फुग्याचं रबर तेलात आणि पेट्रोलात फुगतं, चिकट होतं आणि मग जुन्या कापडासारखं फाटतं, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मी म्हणालो, "जाड थर दिलेत. काही होत नाही." त्यांच्या घरात, त्यांच्या कामात, पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू बसत होती... ती परत काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. भाऊ म्हणाले, "तू म्हणतोस तर झालं," आणि पेच आवळले.

खुंटी ओढली. दोन्ही दिवे एकदम वर आले आणि राहिले. सुमनताईंनी गाडीची दृष्ट काढली, मीठ-मोहरी ओवाळून. भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आयुष्यात एकदाच मला नावाने हाक मारून म्हणाले, "रमाकांत, हे फुटणारं नाही हं." पुढचे काही महिने फार सुखाचे गेले. आम्ही दोघं बोर्डीपर्यंत जायचो, समुद्राच्या कडेने, छत उघडून. दिवेलागणीला ते मुद्दाम गाडी हळू करत आणि खुंटी माझ्याकडून ओढवून घेत. "फुगेवाले, उठवा तुमच्या पोरांना."

२०१७ च्या थंडीत तलासरीला मालतीच्या भाच्याचा साखरपुडा होता. बायका आदल्या दिवशीच गेल्या होत्या, आम्ही दोघं डोळेवालीने गेलो. परतताना संध्याकाळ झाली. आम्ही हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार नुकता दाटत होता. मी खुंटी ओढली, दिवे आले. पुढे चढ होता. भाऊंनी ॲक्सिलरेटर दाबला आणि दिवे एकदम खाली गेले. झाकण बंद झालं की दिवा विझतो, अशी त्या गाडीची रचनाच होती. उजेडातून आम्ही काळोखात शिरलो. "अरे, गेले," भाऊ म्हणाले आणि ब्रेक दाबला. पुढे वळण आणि ओढ्यावरची मोरी होती. डावा कोपरा कठड्यावर आदळला. फायबरची बॉडी मडक्यासारखी फुटली. भाऊंच्या कपाळाला खोक पडली, मला काही झालं नाही. इंजिन बंद पडलं होतं, आणि इंजिन बंद पडलं की दिवे तसेही बसतातच. म्हणजे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

पाड्यावरची माणसं धावली, त्यांनीच आम्हाला दवाखान्यात पोचवलं. प्रज्ञा आली. घाबरलेली होती. वडिलांच्या कपाळाला टाके घालत होते म्हणून तिने मला विचारलं, "मावसा, झालं काय?" मला माहीत होतं काय झालं. चढावर इंजिनाची ओढ कमी होते, तेव्हा साठवलेली ओढ दिवे धरून ठेवते. पडदा फाटला तर धरणारं काही राहत नाही. मी तिला म्हणालो, "अंधार पडला होता. भाऊंना कठडा दिसला नाही."

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. म्हणूनच ते माझ्या तोंडून इतकं सहज आलं असेल. भाऊ पडद्याच्या पलीकडे बाकावर होते. त्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी मान हलवू नका म्हटलं होतं, तरी त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, टाके दुखत असतील.

त्यानंतर जे झालं ते त्या वाक्याने झालं. प्रज्ञाने गाडीची चावी काढून घेतली, मुलीने घ्यावी तशी, प्रेमाने आणि कायमची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली, जी त्या वयात माझ्याही डोळ्यांत आहे. पण 'नरोत्तमभाऊंना दिसत नाही' ही गोष्ट वरोरहून चिंचणीला, तिथून वाणगावला गेली, आणि डायचं काम वाटणाऱ्यांपर्यंत पोचली. नाजूक काम आधी बंद झालं. मग जाड नक्षीचं येऊ लागलं, पोराने करावं असं. मग तेही इतरांकडे गेलं. कुणी वाईट बोललं नाही. "भाऊ, आता आराम करा," असंच म्हणत. मी हजर असलो की भाऊ हसून सांगत, "फुगेवाल्या, मला बढती मिळाली, आरामाची." मी हसायचो. अनेकदा ठरवलं की सांगावं. पण आधी वाटायचं प्रज्ञा काय म्हणेल, मग वाटायचं आता इतक्या दिवसांनी कसं सांगावं... दिवस वाढले की लाजही वाढते.

आमची शेवटची निवांत भेट याच वर्षी, पावसाआधी झाली. ओटीवर बसलो होतो. ताई सुकट निवडत होत्या. भाऊ मध्येच म्हणाले, "काय रे, फुगा पेट्रोलच्या वाफेत ठेवला तर काय होतं?" अगदी सहज, मूल विचारील तसं. मी म्हणालो, "कुणास ठाऊक, कधी ठेवला नाही." ताईंचा हात सुकटीत थांबला. भाऊ म्हणाले, "बरं. चहा घेणार ना अर्धा?" त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी बाहेरच उभा राहिलो, आणि त्यांनी ते आवाज न करता लोटून घेतलं.

दहाव्यानंतर काही दिवसांनी मी वरोरला गेलो आणि सुमनताईंना आणि प्रज्ञाला समोर बसवून सगळं सांगितलं. प्रज्ञा उठून आत गेली. तिचा राग मला समजतो. चावी तिने घेतली होती. ताई मात्र तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. ह्यांनी गाडी घरी आल्यावर आठवड्यात डबा उघडला होता. डावीकडचा पडदा गुळाच्या काकवीसारखा बोटाला चिकटला."

"मग बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं ना, लोकांना सांगा म्हणून. तर म्हणाले, रमाकांत सांगेल. मला म्हणाले, तू मालतीजवळ बोलू नकोस, तो आपणहून सांगेल." ताईंनी पदर सारखा केला. "पहिल्या वर्षी वाट बघायचे. तुम्ही आलात की मला आधीच डोळ्यांनी खुणवायचे, आज सांगेल बघ. मग तुम्ही चहा पिऊन जायचात."

मग त्या उठल्या, "चला, दाखवते."

गाडी मागच्या पडवीत होती. डावा कोपरा मी फुटलेला पाहिला होता, तो आता जोडून घासून सारखा केलेला. रंग तेवढा राहिला होता. मला कल्पनाच नव्हती. मी पडवीत कधी गेलोच नव्हतो, धीर नव्हता. चावी प्रज्ञाकडे होती, पण बॉनेट उघडायला चावी लागत नाही. आत दोन्ही डब्यांत नवे पडदे होते, काळे, कापडावर चढवलेल्या रबराचे. पेट्रोलला न हरणारं हे कापड वापीत मिळतं. वापीच्या गुजराती दुकानदाराने विचारलं म्हणे, "काका, शेना माटे?" म्हणजे कशासाठी. भाऊंनी सांगितलं, "आँख माटे." पडदा दाबून धरायला त्यांनी पितळेची कडी केली होती. मी चष्मा काढून, पुन्हा घालून ती पाहिली. कडीला कडेने भोकं, सगळी सारखी, आणि दोन भोकांच्या मधे एक बारीक वेल कोरलेली. डब्याच्या आत, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे. मला ती पानं मोजता येईनात. ज्याला दिसत नाही असं सगळा तालुका म्हणत होता त्याने ती शेवटच्या दोन वर्षांत कोरली होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ज्यांनी नरोत्तमभाऊंचं काम काढून घेतलं त्यांनी वरोरला जाऊन ती कडी पाहावी. ताई दाखवतील.

डब्याशेजारी सायकलचा पंप टांगलेला होता. त्याचा चामडी वॉशर भाऊंनी उलटा बसवला होता, म्हणजे पंप हवा भरण्याऐवजी खेचेल. इंजिन सुरू करायची मुभा नव्हती, म्हणून हातानेच ओढ तयार करायची युक्ती. ताई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी दिवे उठवायचे. इथे पाटावर बसायचे बघत, बसतात का म्हणून. जेवायला हाक मारली की खुंटी आत ढकलून यायचे. मी म्हणायची, कुणासाठी एवढं? तर म्हणायचे, फुगेवाला येईल तेव्हा दाखवायचंय."

मी पंप नळीला लावला. मला दम लागतो, थांबत थांबत ओढला. मग खुंटी ओढली. आधी उजवा, मग डावा, झाकणं उचलून दोन्ही दिवे वर आले. चेहरा पुरा झाल्यासारखी ती गाडी आमच्याकडे बघू लागली. ताईंनी चहा आणला. आम्ही पाटावर बसून प्यायलो. प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली, मग तीही बसली, माझ्यापासून जरा लांब. ऊन उतरलं. मी दिवे खाली यायची वाट पाहत होतो. ते आले नाहीत. निघताना मी खुंटीकडे हात नेला, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या आज. बघू किती राहतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. प्रज्ञाने उचलला. मी काही विचारण्याआधी ती म्हणाली, "थांबा, बघून येते." चपलांचा आवाज पडवीकडे गेला आणि परत आला.

"मावसा, डावा थोडासा झुकलाय," ती म्हणाली. "पण आहे वर."